एक दिवस आधीचा पाऊस

माझी धाकटी बहीण मृणाल टीव्हीवर आली की मी आवाज बंद करते आणि चित्र चालू ठेवते. साडी कुठली नेसली आहे, केस किती पिकलेत, हनुवटीखाली सुटलंय का, हे मला बघायचं असतं. ती काय बोलते ते ऐकायचं नसतं, कारण ती नेहमी शहाण्यासारखं बोलते.

मला तिचा हेवा वाटतो. असूया वगैरे म्हटलं की जरा पुस्तकी वाटतं, म्हणून साधा शब्द वापरला. शिवाय मला त्यासाठी काही सबबही नाही. माझ्यावर कुणी अन्याय केला नाही. वडील मलाही पुण्याला शिकायला पाठवायला तयार होते. घर सोडून राहायचं म्हटल्यावर मीच घाबरले आणि मी महाडच्या कॉलेजात नाव घातलं. सहा वर्षांनी मृणाल गेली, रडत रडत गेली, आणि भूशास्त्रज्ञ होऊन परत आली. तिला अपूर्णांक मी शिकवले होते. पाव आणि अर्धा मिळवताना ती बोटं मोजायची. आज डॉ. मृणाल पोतनीस आल्या की मंत्री खुर्चीवरून उठतात, आणि मी चारुलता दिघे असं नाव सांगितलं की समोरचा गोंधळतो. मग कुणीतरी त्याला समजावतं, "मृणालताईंची बहीण."

माझं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पोलादपूरच्या दरडसूचना केंद्रात मी जुन्या तारखा नव्या साच्यात बसवते. जुन्या संगणकांमध्ये तारखा कशाही पडलेल्या असतात. कुठे आधी दिवस, कुठे आधी महिना, कुठे वर्षाचे दोनच आकडे, तर कुठे नुसतीच एक भलीमोठी संख्या, कुठल्याशा दिवसापासून किती सेकंद उलटले ते सांगणारी. माणूस अंदाजाने समजून घेतो. यंत्राला अंदाज चालत नाही. म्हणून इंटरनेटवरच्या यंत्रांसाठी एक रीत ठरली आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे इंग्रजी टी हे अक्षर, मग तास, मिनिटं, सेकंद, आणि शेवटी ही वेळ कुठली त्याची खूण. शेवटी झेड असेल तर ती जागतिक वेळ. आपली घड्याळं तिच्या साडेपाच तास पुढे चालतात. एकदा सगळं या साच्यात बसलं की जपानच्या उपग्रहाने टिपलेला ढग आणि आमच्या तालुक्यातल्या रजिस्टरातला पाऊस एका ओळीत मांडता येतो.

आता पावसाची एक गंमत आहे. पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजतात. साडेआठच का, तर तेव्हा जागतिक घड्याळात बरोबर तीन वाजलेले असतात आणि जगभरचे लोक एकाच वेळी मोजमाप घेत असतात. त्या पाण्यावर तारीख पडते ती मोजणीच्या दिवसाची. म्हणजे रजिस्टरात तेवीस जुलैचा म्हणून जो पाऊस लिहिलेला असतो, तो बावीसच्या सकाळपासून तेवीसच्या सकाळपर्यंत पडलेला असतो. सूचनापुस्तिकेत हे ठळक अक्षरांत छापलं आहे. आमच्या जुन्या नोंदींमध्ये वेळ नव्हतीच, नुसती तारीख होती. मी पाऊस मोजणाऱ्या सदतीस केंद्रांसाठी एकच नियम लिहिला: जी तारीख असेल, त्या तारखेला जागतिक तीन वाजता मोजणी संपली असं धर. बत्तीस वर्षांच्या सव्वाचार लाख नोंदी दुपारच्या चहाच्या आत उरकल्या. सदतीसपैकी एकाही केंद्राला मी फोन करून विचारलं नाही. कशाला विचारायचं? पुस्तिकेत छापलं होतं.

या नोंदी मृणालच्या यंत्राने गिळल्या. त्याचं नाव दरडवेळ. डोंगरावर जोराचा पाऊस झाल्यावर किती तासांनी माती सुटते, हे ते प्रत्येक डोंगराच्या इतिहासावरून शिकतं. पाऊस माझ्या नोंदींतून, आणि दरडीची वेळ वीजकेंद्रातून. दरड खाली येताना वाडीकडे जाणारी तार तोडते आणि वीज गेल्याची वेळ सेकंदासह आपोआप नोंदली जाते. आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या डोंगरांचं उत्तर सहा ते आठ तास आलं. एकाच डोंगराचं वेगळं आलं. रायमळवाडीच्या वरचा डोंगर एकतीस तास घेत होता.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काहीतरी घोळ आहे. मृणालने त्यावर प्रबंध लिहिला. जांभ्याच्या पोटात चिकणमातीचे थर आहेत, ते पाणी दिवसभर धरून ठेवतात, असं तिने मांडलं आणि त्या डोंगराला 'सुस्त डोंगर' असं नाव दिलं. शेजारच्या केंद्रांशी पाऊस जुळत नव्हता, पण डोंगराआडच्या पावसाचं तसं असतंच, म्हणून कुणाला शंका आली नाही. सुस्त डोंगर जगभर गाजला. रायमळवाडीच्या एक्केचाळीस घरांना दुसरीकडे हलवायची सरकारी फाइल बंद झाली, कारण एकतीस तास म्हणजे भांडीकुंडी, गुरंढोरं, दाणागोटा घेऊन आरामात निघायला पुरेसा वेळ. वाडीला तरी कुठे हलायचं होतं? त्यांनी मृणालची खणानारळाने ओटी भरली.

आणि २०३९च्या सप्टेंबरात तिला भूविज्ञान सन्मान जाहीर झाला. सोहळा महाडला, एक ऑक्टोबरला, शनिवारी.

"ताई, एक काम करशील?" तिचा फोन आला. "ज्या रजिस्टरांतून हा शोध निघाला, त्यातलं एखादं मला स्टेजवर काचेत ठेवायचंय. रायमळवाडीच्या बापू उतेकरांकडे जुनी रजिस्टरं आहेत म्हणे. तू जाऊन आणशील का? तुझ्याशिवाय कुणावर सोपवावंसं वाटत नाही."

मी हो म्हटलं. तिच्या कौतुकासाठी हमाली करायची होती, आणि तीही गोड शब्दांत गुंडाळून आलेली, तेव्हा नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

गुरुवारी, बावीस तारखेला, मी केंद्राच्या जीपने रायमळवाडीला गेले. लख्ख ऊन पडलं होतं. बापू उतेकर म्हणजे सत्याहत्तर वर्षांचा ताठ म्हातारा. चौऱ्याण्णवपासून बत्तीस वर्षं त्यांनी वाडीचा पाऊस मोजला, आणि पुढे स्वयंचलित यंत्र आल्यावर ते घरी बसले. त्यानंतर या डोंगरावरून दरड आलीच नव्हती. ओटीवर खाटेवर त्यांची बायको द्रौपदाबाई पडून होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला उठता येत नव्हतं. तिने पडल्या पडल्याच मला चहा घ्यायला लावला.

बापूंनी फडक्यात बांधलेली रजिस्टरं सोडली. अक्षर काय सुंदर होतं! एकही खाडाखोड नाही.

"साहेब यायचं तपासाया, तवा म्हनायचं, उतेकर, तुमची वही म्हंजे नमुना हाय," बापू म्हणाले. "येक दिस चुकवला न्हाय मी. पोरीच्या हळदीच्या दिशीबी साडेआठला मापलं."

मी पानं चाळत होते. एका पानाच्या समासात बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. 'झेंडावंदनास फार पाऊस. झेंडा भिजला. मुलांस शाळेत बसवून लाडू वाटले.' ओळ पंधरा ऑगस्ट २०१९ची होती आणि समोर पाऊस एकशे अठरा मिलिमीटर.

मी थांबले. झेंडावंदन पंधराला सकाळी नऊला होतं. तो पाऊस मोजला गेला असणार सोळाच्या साडेआठला. मग त्यावर सोळा तारीख पाहिजे होती.

"बापू, हे पाणी तुम्ही मोजलंत कधी?"

"सोळाला सकाळी."

"मग तारीख पंधरा कशी?"

बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी दोन आणि दोन किती ते विचारलं. "पाऊस पडला पंधराला, तर सोळाच्या नावावर कसा घालू, बाय? त्या पुस्तकात लिवलं व्हतं, आजची तारीख घाला. पर सरकारी वहीत खोटं कसं लिवायचं? ज्या दिशी पडला त्याच दिशी मांडला. बत्तीस वर्सं."

"कुणी काही म्हटलं नाही?"

"कशापायी म्हनंल? महिन्याची बेरीज तीच येती की."

आलं लक्षात? छत्तीस केंद्रांनी मोजणीची तारीख लिहिली होती आणि या एका प्रामाणिक माणसाने पावसाची. माझ्या सरसकट नियमाने त्याचा प्रत्येक पाऊस एक अख्खा दिवस मागे ढकलला होता. एकतीस उणे चोवीस, सात. डोंगर सुस्त नव्हताच. इतर डोंगरांसारखा तोही सात तासांत खाली यायचा. चिकणमातीचे थर, प्रबंध, सन्मान, सगळं माझ्या एका चुकीवर उभं होतं.

माणसाला घाम फुटायला हवा. मला आनंद झाला. खरं तेच सांगते, परतीच्या वाटेवर जीपमध्ये मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. चूक माझी होती हे कळत होतं, पण मला कोण ओळखतं? माझी फार तर बदली झाली असती. तोंडावर आपटणार होती ती मृणाल.

आणि मग मनात ते आलं. आत्ता फोन केला तर ती रातोरात दुरुस्ती करील, 'नवीन माहितीच्या प्रकाशात' असं काहीतरी गोड निवेदन काढील आणि लोक तिचं कौतुकच करतील. त्यापेक्षा सोहळ्याच्या शनिवारी सांगायचं. भर सभेत, रजिस्टर काचेत ठेवलेलं असताना, उभं राहून विचारायचं: डॉक्टर, हा झेंडा कुठल्या तारखेला भिजला? सप्टेंबर संपत आला होता. हवामानाचा अंदाज दहा दिवस कोरडा होता. नऊ दिवसांनी कुणाचं काय बिघडणार होतं? मी त्या वाक्याची मनात तालीम केली. संध्याकाळी बाजारात जाऊन सोहळ्यासाठी जांभळी साडीसुद्धा घेतली.

रविवारी मृणाल आमच्याकडे जेवायला आली. माझे यजमान सुधीर तिच्या येण्याने नेहमीच फुलतात. पंपांचं दुकान बंद करून ते सकाळपासून अंगणात उभे होते. मी वालाचं बिरडं केलं होतं, शंभर वाल सोलताना प्रत्येक सालाबरोबर तिच्याबद्दल एकेक वाईट विचार करत.

"असं बिरडं मला सात जन्मांत जमणार नाही," ती बोटं चाटत म्हणाली.

"सगळंच तुला जमलं तर आम्ही काय करायचं?" मी म्हटलं.

सुधीरनी माझ्याकडे पाहिलं. मृणाल हसली. तिला माझे टोमणे लागत नाहीत, किंवा लागले तरी ती दाखवत नाही, आणि याचाही मला संताप येतो. तिने निमंत्रणपत्रिका काढली. शेवटच्या पानावर आभार होते. मंत्री, सचिव, चार प्राध्यापक, आणि खाली बारीक अक्षरांत: तांत्रिक साहाय्य, सौ. चारुलता दिघे.

"पहिल्या रांगेत बसायचं हं तुम्ही दोघांनी," ती म्हणाली. "ताई, तू त्या तारखा लावून दिल्या नसत्यास तर मला काही सापडलंच नसतं."

सांगावं का? क्षणभर खरंच वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "परवा रायमळवाडीच्या बायका भेटल्या. म्हणतात, तुमच्यामुळे आमचं घर राहिलं. इतकं भरून आलं मला." डोळे पुसताना ती इतकी चांगली दिसत होती की मी गप्प बसले आणि तिला आणखी बिरडं वाढलं.

मंगळवारी पहाटेपासून पाऊस लागला. अंदाजात कुठेही नसलेलं वादळ अरबी समुद्रातून वळून सरळ आमच्या घाटावर चढलं होतं. साडेनऊला मी केंद्रात पोचले तेव्हा भिंतीवरच्या पडद्यावर खोऱ्यातल्या वाड्या एकामागून एक लाल होत होत्या. आमचे दोघे अधिकारी खालच्या वाड्यांना फोन लावत होते. रायमळवाडी तेवढी शांत पिवळी होती. तिच्यापुढे आकडा होता: उरलेला अवधी तीस तास दहा मिनिटं.

त्यातले चोवीस तास खोटे होते, आणि ते फक्त मला माहीत होतं.

मी व्हरांड्यात जाऊन पुण्याला मृणालला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. बापू, झेंडा, तारीख, सात तास.

"हे तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"आत्ता," मी म्हटलं. "आत्ताच रजिस्टर चाळताना दिसलं."

"शनिवारी सोहळा आहे आणि मंगळवारी तुला माझा शोध खोटा असल्याचं दिसलं."

"मिनू, वेळ नाहीये. वाडीतला धोक्याचा भोंगा वाजवायला सांग."

"ताई, मी डॉक्टर झाले तेव्हा तू म्हणालीस, हल्ली कुणालाही करतात. दरडवेळ सुरू झालं तेव्हा म्हणालीस, बघू किती दिवस चालतं ते. आयुष्यात एकदा तरी माझं काही बरं म्हटलंस का? एक्केचाळीस घरं भर पावसात बाहेर काढायची, म्हातारीकोतारी डोंगरातून चालवायची, ती तुझ्या या फोनवर? माझ्या चार वर्षांच्या मोजमापांपेक्षा तुझं एक पान खरं?" तिचा आवाज फुटला. "तुला माझं चांगलं कधी बघवलंच नाही."

तिने फोन ठेवला. त्यातलं एकही वाक्य चूक नव्हतं. माझ्या बोलण्याला एवढी वर्षं जो वास येत होता, तोच आज आला होता तिला. गुरुवारी ऊन असताना तिच्यासमोर रजिस्टर ठेवून सांगितलं असतं तर तिने पाहिलं असतं, भांडली असती, पण पाहिलं असतं.

यंत्राला माझा स्वभाव माहीत नव्हता. पडदा पिवळा असताना अधिकारी वाडी हलवणार नव्हते, तेव्हा तेवढी एकच वाट होती. एखाद्या केंद्राचा रूपांतराचा नियम बदलायचा अधिकार माझ्याकडे होता. त्यासाठी एक नमुना भरावा लागतो आणि तो कायमचा राहतो, कुणालाही मागाहून पुसता येत नाही. मी रायमळवाडीचा नियम उघडला. लिहिलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी जागतिक तीन वाजता मोजणी संपली असं धर. बत्तीस वर्षांचा पाऊस एक दिवस पुढे सरकला आणि आपल्या जागी जाऊन बसला. खाली दोन रकाने होते. चुकीचं कारण, आणि जबाबदार व्यक्ती. 'नोंद घेणाऱ्याची चूक' असं लिहिणं सोपं होतं. नियम मोडला होता बापूंनीच. माझं बोट क्षणभर त्या पर्यायावर थांबलं, आणि मग मी माझं नाव लिहिलं.

यंत्राने डोंगराचा इतिहास पुन्हा वाचायला अकरा मिनिटं घेतली. मग रायमळवाडी लाल झाली. उरलेला अवधी पाच तास पंचवीस मिनिटं. वाडीतला भोंगा यंत्राच्याच हुकमाने वाजतो. सव्वादहाला तो वाजला.

एकतीस तासांच्या भरवशावर बसलेली माणसं होती ती. काहीही बरोबर घेता आलं नाही. पावसाने खालचा रस्ता तोडला होता, जीप पोचत नव्हती. डोंगराच्या सोंडेवरून तीन कोस चालत, पोरं पाठीवर बांधून, गुरांची दावी सोडून देऊन वाडी खाली उतरली. द्रौपदाबाईला चादरीची झोळी करून चौघांनी आणलं. तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी डोंगर आला. एक्केचाळीस घरांपैकी पाच राहिली. माणूस एकही गाडलं गेलं नाही.

द्रौपदाबाई वाटेत चार तास भिजली होती. तिच्या छातीत पाणी झालं आणि गुरुवारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वयच होतं.

सोहळा तीन आठवडे पुढे गेला. मधल्या काळात मृणालने मला दोनच शब्दांचा निरोप पाठवला, 'माफ कर.' मी त्याला उत्तर दिलं नाही.

बावीस ऑक्टोबरला महाडचं सभागृह खच्चून भरलं होतं. अख्खी रायमळवाडी आली होती. सुधीरच्या आग्रहाने मी ती जांभळी साडी नेसले होते. बापू उतेकर माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. डोकं भादरलेलं, खांद्यावर संयोजकांनी सत्कारात दिलेली शाल.

मृणाल बोलायला उठली. तिने कागद बाजूला ठेवला. "सुस्त डोंगर नावाची गोष्ट जगात नाही," ती म्हणाली. "मला ती दिसली, कारण मला ती दिसायला हवी होती. मी हा सन्मान घेऊ शकत नाही. पण एक सांगायचंय. ज्या दिवशी माझ्या बहिणीला चूक सापडली, त्याच क्षणी तिने मला फोन केला. मी तिचा अपमान केला. तरी तिने स्वतःच्या नावावर चूक लिहून भोंगा वाजवला. एक्केचाळीस घरांची माणसं आज आहेत ती तिच्यामुळे. सन्मान द्यायचाच असेल तर तिला द्या."

लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. काय सांगू, त्याही क्षणी मला दिसत होतं की त्या टाळ्यांतल्या अर्ध्याअधिक तिच्याच आहेत, तिच्या मोठेपणाला. शोध गमावूनही ती जिंकली होती.

ती स्वतः खाली उतरून मला न्यायला आली. मी उठले तेव्हा बापूंनी माझा पदर हलकेच ओढला.

"बाय," ते हळूच म्हणाले, "तुमी वही न्याया आल्या, मी तारखांचं सांगितलं, तो गुरुवार व्हता ना? ऊन व्हतं त्या दिशी."

त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. नोंद बरोबर लागावी म्हणून विचारत होते. मी मान हलवली. त्यांनी माझा पदर सोडला.

मृणाल माझा हात धरून मला स्टेजवर घेऊन गेली. समोर ध्वनिक्षेपक होता आणि पाचशे माणसं माझ्याकडे बघत होती. चोपन्न वर्षं मला हेच हवं होतं.

"मला चूक मंगळवारी सापडली नाही," मी म्हटलं. "त्याआधीच्या गुरुवारी सापडली, सकाळी अकराच्या सुमाराला. पाच दिवस मी गप्प बसले. मला माझ्या बहिणीला इथे, तुमच्यासमोर पडताना बघायचं होतं. त्या पाच दिवसांत ऊन होतं, रस्ता चालू होता. द्रौपदाबाई जीपमधून आली असती."

मग बापू उठले. त्यांनी खांद्यावरची शाल काढली, नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि मधल्या वाटेने बाहेर गेले. त्यांच्यामागून वाडीची माणसं एकेक करून उठली. सुधीर खाली मान घालून बसले होते.

मृणालने माझा हात अजून धरलेलाच होता. आता ती तो सोडील, याची मी वाट बघत होते, कारण तिच्या जागी मी असते तर केव्हाच सोडला असता. तिने सोडला नाही. आणि त्याचाही मला हेवा वाटला.